हळदीच्या गावात मॅनिक्युअरचं सामान

सांगलीत मारुती रोडला कॉस्मेटिकच्या दुकानात मॅनिक्युअरचं सामान मागितलं की बहुतेक वेळा चेनवालं किट पुढ्यात येतं. आत बारा किंवा अठरा नग. चकचकीत दिसतं, पण त्यातल्या निपरची, म्हणजे नखाभोवतीची सालपटं कापायच्या छोट्या चिमट्याची, पाती धड टेकत नाहीत आणि निम्म्या वस्तू वर्षभर खणातच पडून राहतात. तेवढ्याच पैशात चार-पाच सुट्ट्या वस्तू घ्या.

पहिला खर्च फाइलवर करा. नख म्हणजे एकावर एक चिकटलेले पापुद्रे. किटातली जाड दातांची धातूची फाइल ते टोकाशी उचकटते. मग आठवड्याभरात नख सोलायला लागतं आणि दोष मात्र कॅल्शियमला मिळतो. कागदी फाइल घेताना तिच्यावरचा ग्रिटचा, म्हणजे खरखरीतपणाचा, आकडा बघा. आकडा मोठा तितकी फाइल बारीक. 80 किंवा 100 ची फाइल कृत्रिम नखांसाठी असते, ती स्वतःच्या नखाला लावू नका. आकार द्यायला 180, कड गुळगुळीत करायला 240, एवढं पुरतं. काचेची फाइल मिळाली तर सगळ्यात उत्तम, कारण ती धुता येते. मात्र खरखरीतपणा काचेतच कोरलेला हवा. वरून नुसती पूड चिकटवलेली असेल तर थोड्याच दिवसांत ती झडून गुळगुळीत काच तेवढी उरते. आणि फरशीवर पडली की संपली.

फाइल कोरड्या नखावरच चालवायची. ओलं नख मऊ पडतं आणि घासताना फाटतं. पार्लरमध्ये आधी हात कोमट पाण्यात बुडवतात, ते छान वाटतं, पण नख पाणी पिऊन फुगतं. त्यावर लगेच नेलपेंट लावलं तर नख सुकून आकसताना रंगाची पकड सुटते. दोन दिवसांत टवके उडतात ते बऱ्याचदा यामुळे. भिजवायचंच असेल तर नेलपेंटआधी तासभर जाऊ द्या.

क्युटिकल म्हणजे नखावर चिकटून पुढे आलेला मेलेला पातळ पडदा. त्यामागची जाडसर कड ही जिवंत कातडी आहे, ती कापायची नाही. तिथं चीर पडली की जंतू आत शिरतात आणि नखुरडं होतं. म्हणून निपर फक्त सुटलेल्या सालपटांसाठी. घेताना तो मिटून उजेडासमोर धरा. पात्यांमधून उजेड दिसला तर परत ठेवा, कारण असा निपर कापत नाही, ओढतो. पात्याची धार 5-6 मिलिमीटर पुष्कळ झाली. क्युटिकल मागे सारायला लाकडी काडी स्टीलच्या पुशरपेक्षा बरी, नवख्या हाताला तर नक्कीच. पुशर उभा धरून दाबला तर नवीन येणाऱ्या नखावर आडव्या खाचा उमटतात. क्युटिकल रिमूव्हर अल्कधर्मी असतो, त्यामुळे बाटलीवर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवला तर कातडी झोंबते. वेळ झाली की साबणानं धुऊन टाका.

आता हळद. सांगलीच्या हळदीला 2018 साली जीआय मानांकन मिळालं, पण पांढऱ्या किंवा फिक्या गुलाबी नेलपेंटला त्याचं काय कौतुक! एकदा भाजी फोडणीला टाकली, मूठभर भडंग खाल्लं, की नखांच्या कडा पिवळ्या. हळदीचा रंग पाण्यात फारसा विरघळत नाही, म्हणून हात कितीही धुतले तरी जात नाही. अल्कोहोलमध्ये तो विरघळतो, उन्हात विटतो. नेलपेंटवर डाग पडला तर नेलपेंट रिमूव्हर वापरू नका, रंगच निघेल. सॅनिटायझरचा थेंब कापसावर घेऊन हलकेच पुसा. उघड्या नखावर रंगाआधी एक थर बेस कोट, म्हणजे खालचा पारदर्शक थर, हवाच, गडद लाल लावणार असाल तर जास्तच, कारण गडद रंगही नख पिवळं करतो. रोज स्वयंपाक करणाऱ्यांनी फिक्या रंगावर दर दोन-तीन दिवसांनी टॉप कोटचा, म्हणजे वरच्या पारदर्शक थराचा, पातळ हात फिरवावा.

रिमूव्हरमध्ये असिटोन असेल तर काम झटपट होतं, पण नख आणि कातडी कोरडी पडते. साध्या नेलपेंटला बिनअसिटोनचा पुरतो. जेल नेलपेंट काढायला मात्र असिटोनच लागतो: कापूस भिजवून बोटाला फॉइलमध्ये दहा-पंधरा मिनिटं गुंडाळायचा. निघत नसेल तर खरवडू नका, पुन्हा गुंडाळा. असिटोन झटकन पेट घेतो, तेव्हा हे काम गॅसच्या शेगडीजवळ नको.

नेलपेंटचे दोन पातळ थर, मध्ये दोन-तीन मिनिटं, आणि ब्रश नखाच्या टोकाच्या कडेवरूनही फिरवायचा. जाड थर देऊन पंखा पाचवर केला तर वरची साय आधी वाळते, आतला रंग ओलाच राहतो. मग चादरीचे ठसे उमटतात.

निपर आणि पुशर वापरून झाले की साबणानं धुवा, पुसा, 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवा आणि कोरडे करून ठेवा, नाहीतर सांध्यात गंज धरतो. कागदी फाइल आणि लाकडी काडी निर्जंतुक होत नाहीत, त्या ज्याच्या त्याच्या वेगळ्या ठेवा. मे महिन्यात बाटलीतलं नेलपेंट घट्ट झालं तर नेलपेंटच्या थिनरचे दोन-तीन थेंब टाका. रिमूव्हर टाकला तर रंग पातळ होतो खरा, पण मग नखावर धरत नाही.