त्र्यंबकची पाटी

दुसरी संपेपर्यंत मी वर्गातला सगळ्यात चांगला वाचणारा होतो. धडा काढायला सांगितला की मी उभा राहायचो आणि ओळीखालून बोट फिरवत न अडखळता म्हणून दाखवायचो. म्हणून दाखवायचो, हेच खरं. घरी ताई मोठ्याने अभ्यास करायची, तिची जुनी पुस्तकं मला आलेली, त्यामुळे अख्खं बालभारती मला ऐकून पाठ होतं.

१९८४ साली तिसरीत बाई आल्या आणि दुसऱ्याच आठवड्यात माझं बिंग फुटलं. मी पान उलटायला विसरलो आणि पुढच्या पानावरचा मजकूर धडाधड म्हणत सुटलो. बाई वर्गात काही बोलल्या नाहीत. मधल्या सुट्टीत त्यांनी शेंगदाण्याची पुडी सोडली, दाणे माझ्या हातावर ठेवले आणि कागद पुढे केला, "वाच रे." छापील कागद होता. मी दाणेसुद्धा खाल्ले नाहीत.

माझ्यासारखे आणखी पाच जण निघाले. बाईंनी आम्हाला पंधरा दिवस पुस्तकाला हात लावू दिला नाही. नुसत्या भेंड्या आणि आवाजांचे खेळ. 'कमळ'मधला 'क' काढला तर काय उरलं? "मळ!" की आम्ही खो खो हसायचो. 'नाशिक'मधला 'ना' काढला की 'शिक' उरतं, हेही तेव्हाच कळलं. मग ग, म, भ, न. अ पासून ज्ञ पर्यंत पाठ म्हणून एकही शब्द हाती लागत नाही. ही चार वळणाने जवळची अक्षरं आली आणि जोडीला काना आला, की 'नाग', 'मामा', 'भान' लगेच तयार. पहिल्या वेलांटीने मात्र मला फार छळलं. डोळ्याला ती अक्षराच्या आधी दिसते, तोंडात नंतर येते. मी 'कि'ला 'इक' म्हणायचो. आणि र! 'सूर्य'मध्ये डोक्यावर, 'चक्र'मध्ये पायाशी, 'राष्ट्र'मध्ये आणखी वेगळा, 'तऱ्हा'मध्ये नुसतं शेपूट. बहुरूपी मेला.

आज मी पेठ तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. मुलं घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलतात. त्यांना आधी त्यांचेच शब्द फोडायला देतो, बाईंची पंधरा दिवसांची युक्ती तशीच. २०२१ मध्ये निपुण भारत हे वाचन-गणिताचं सरकारी अभियान आलं. तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत, असं त्यात आहे. उद्दिष्ट चांगलंच आहे. पण घड्याळ लावून नेहमीचाच धडा पुढे ठेवला असता, तर त्या काळी मी नव्वद म्हटले असते. म्हणून मी मुलांना कधीच न पाहिलेला उतारा देतो आणि कोण कुठे अडतं ते बघत बसतो. अधिकारी आले की हे जरा अवघड जातं.

अडण्याचं हे वेड मला नाशिकच्या सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती बस स्थानकावर लागलं. दिवाळीनंतरच्या एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर बाईंनी आम्हा सहा जणांना तिथे नेलं. गाड्यांच्या पाट्या वाचायच्या, एवढाच खेळ. पेठ, सटाणा सगळ्यांना आलं. 'दिंडोरी'त अनुस्वार सुटला, 'सिन्नर'चा जोड न एकाने बरोबर पकडला. मग फलाटावर गाडी लागली आणि कंडक्टर ओरडायला लागला, "त्रिंबक, त्रिंबक!" जन्मापासून तेच ऐकलेलं. नुसतं 'त्रिंबक' म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण पाटीवर 'त्रि' नव्हतं. त ला खाली र, त्याला य, वर टिंब. मी तोंड उघडलं आणि तसाच राहिलो. पोरं हसायला लागली. "ए, गप्प बसा," बाई म्हणाल्या, "तो वाचतोय." त्यांचा चेहरा असा खुललेला मी आधी पाहिला नव्हता, मी वर्गात धडाधड म्हणायचो तेव्हाही नाही.

"त्... त्र्... त्र्यं..."

'बकेश्वर'पर्यंत पोचलो, तोवर गाडी त्र्यंबक नाक्याकडे निघाली होती.