तेच ते सिनेमे, पुन्हा

"तेच तेच काय बघत बसता?" हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की आता तो तोंडातून निघायच्या आधीच मी ओळखतो. नजर आधी टीव्हीकडे जाते, मग माझ्याकडे, मग भुवया वर. भाच्यानं विचारलं, शेजारच्या वहिनींनी विचारलं, बँकेतले जुने मित्र तर दर भेटीला विचारतात. परवा नेट जोडायला आलेल्या पोरानंही विचारलं. त्याला चहा दिला, उत्तर दिलं नाही. तुम्ही फारच लावून धरलंय, म्हणून लिहितो.

आधी एक गोष्ट. मी नवीन बघत नाही असं कुणी म्हणू नये. 2023 साली 'वाळवी' मी तिकीट काढून, थिएटरात जाऊन बघितला. प्रेताभोवती विनोद रचायचा आणि तो ओशाळवाणा होऊ द्यायचा नाही, हे परेश मोकाशींना जमलंय. त्याच वर्षी 'आत्मपॅम्फ्लेट' बघितला तेव्हा आमच्या खेळाला मोजून अकरा माणसं होती, आणि त्यातली दोन मध्यंतरात गेली. तेव्हा 'नवीन मराठी सिनेमाला प्रेक्षक नाहीत' हे मला ऐकवू नका, मी त्या नऊ जणांतला आहे.

पण नवीन एकदा बघितला की झाला. जुना तसा होत नाही.

'अशी ही बनवाबनवी' घ्या. 1988 चा. मी किती वेळा बघितला हे विचारू नका, मोजलेलं नाही. पहिली पंचवीस वर्षं मी धनंजय मानेंच्या पार्टीत होतो. बेघर पोरं, पुण्यातली जागेची मारामार, आणि समोर तो भाडं मागणारा सरपोतदार. सुधीर जोशी दिसले की आम्ही आधीच हसायला लागायचो. मग मी पुण्यात दुसरा फ्लॅट घेतला आणि तो चार विद्यार्थ्यांना भाड्यानं दिला. त्यानंतर तो सिनेमा लावला, तर माझं मलाच नवल वाटलं. मला सरपोतदारांचं सगळं पटत होतं! रात्री-अपरात्री येणं, आवाज, थकलेलं भाडं, वर गोड बोलणं. भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही व्हिलनच्या बाजूनं बघताय." व्हिलन कसला, त्यानं मेंटेनन्स भरलेला असतो बाबा.

सिनेमा तसूभरही हललेला नव्हता. मी हललो होतो. पण एवढंच सांगितलं की लोक माना डोलावतात आणि मला तत्त्वज्ञ समजतात. तसं ते नाही. काही सिनेमे मी परत बघतो ते निव्वळ आधी मूर्खासारखे बघितले म्हणून.

'कोर्ट' असाच. 2015 ला थिएटरात बघितला आणि निम्म्यात बायकोला म्हणालो, "कॅमेरा एका जागी लावून ऑपरेटर चहाला गेला वाटतं." चैतन्य ताम्हाणेला राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला माहीत होतं, म्हणून आणखीच चिडलो. सरकारी वकीलबाई कायद्याचं पुस्तक एका सुरात वाचतायत, न्यायाधीश पुढची तारीख देतायत, खेळ खलास. पुढे आमच्या गावच्या घराच्या वाटणीचा दावा उभा राहिला आणि चार वर्षं मी कोर्टाच्या बाकावर बसलो. नाव पुकारलं की उठायचं, तारीख घ्यायची, एसटी पकडायची. त्यानंतर 'कोर्ट' पुन्हा बघितला तेव्हा तो मला कमी लांब वाटला. बिनबाह्यांचा पोशाख आहे म्हणून एका बाईचं प्रकरण न्यायाधीश ऐकतच नाहीत, तो प्रसंग पहिल्या वेळी माझ्या लक्षातसुद्धा राहिला नव्हता. वकीलबाई झालेली गीतांजली कुलकर्णी कोर्ट सुटल्यावर लोकलनं घरी जाते, स्वयंपाक करते, नाटकाला जाऊन हसते. त्या हसण्याला मी पहिल्यांदा सोबत हसलो होतो. दुसऱ्यांदा नाही हसवलं. शाहीर नारायण कांबळे झालेले वीरा साथीदार मूळचे नट नव्हेत, चळवळीतला माणूस. 2021 च्या एप्रिलमध्ये करोनानं गेले. आता तो सिनेमा पुन्हा लावायचा म्हणजे तेही मनात घेऊन बसायचं.

आणि 'फँड्री' मी परत बघत नाही. नागराज मंजुळेवर राग म्हणून नाही. शेवटी जब्यानं फेकलेला दगड थेट आपल्या अंगावर येतो. पहिल्या वेळी तो मला लागला. दुसऱ्यांदा बघायला बसलो तर मान कधी बाजूला घ्यायची ते मला माहीत असणार. ते बरोबर नाही. तेव्हा बघा, मी 'तेच तेच' बघतो हेही पूर्ण खरं नाही. निवडून बघतो.

आता 'उंबरठा'.

तुमचा खरा रोख याच सिनेमावर असतो हे मला कळतं. "तो रडका सिनेमा दर दोन-तीन महिन्यांनी कशाला?" पहिलं म्हणजे तो रडका नाही. जब्बार पटेल, तेंडुलकरांची पटकथा, शांता निसळांच्या 'बेघर' कादंबरीवरून. त्यात स्मिता पाटील रडून काही मिळवायला बघत नाही. दुसरं सांगायला जरा वेळ लागेल.

तो 1982 चा, आमच्या कराडला थोडा उशिरा लागला. मी सतरा वर्षांचा. आई, आत्या, ताई आणि मी असे चौघं संध्याकाळच्या सहाच्या खेळाला गेलो. बाबा आले नाहीत. बायकांचा सिनेमा, म्हणाले. आईनं पिशवीत खारे दाणे घेतले होते, कारण थिएटरातले महाग पडायचे. ती अंधारात मूठमूठ हातावर ठेवायची, आधी मला, मग ताईला, मग आत्याला.

गोष्ट तुम्हाला माहीतच आहे. सुलभा महाजन, खात्यापित्या घरची सून, नवरा वकील. मुलीला जावेकडे सोडून दूरच्या महिलाश्रमात अधीक्षक म्हणून जाते. तिथं जे दिसतं त्याच्याशी झगडते, हरते, घरी येते. घर तोवर तिचं राहिलेलं नसतं. मग पुन्हा बाहेर पडते.

सिनेमा सुटला. घरी चालत निघालो. मधल्या पेठेतून जाताना मी जे बोललो ते मला अजून शब्दाशब्दांनी आठवतं. ते मी कुणाला टोचायला बोललो नव्हतो, हे आधीच सांगतो. कौतुकानं बोललो. म्हणालो, "पोरीला टाकून जाते ती कसली आई? आमच्या आईनं बघा, माझ्यासाठी नोकरी सोडली. याला म्हणतात आई."

आत्या खूश झाली. "बघ वहिनी, पोराला जाण आहे," म्हणाली. आई काही बोलली नाही. ताई एकदम पुढे चालायला लागली. घरी आल्यावर आईनं पिठलं टाकलं, आम्ही जेवलो, झोपलो. मला मस्त झोप लागली.

नोकरीचं असं होतं. 1969 साली आईला पाटण तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिकेची जागा मिळाली होती. ती तिथं खोली घेऊन राहिली, आठ महिने. शनिवारी एसटीनं यायची, रविवारी परत. मी चार वर्षांचा, आजीजवळ. मग मला गोवर निघाला, आणि आईनं राजीनामा दिला. आमच्या घरात ही गोष्ट आरतीसारखी म्हटली जायची. पाहुणे आले की म्हटली जायची, माझ्या मुंजीत म्हटली गेली. आई स्वतः ती कधी सांगायची नाही. हे लक्षात यायला मला चाळिशी उलटावी लागली.

त्या सतरा वर्षांच्या पोराला मी पुष्कळदा समोर बसवतो. गाढवा, म्हणतो, तिनं तीन तास कुणाकडे बघितलं, आणि तू बाहेर येऊन काय बोललास? पण तो गप्प बसत नाही. म्हणतो, तुला आता पुस्तकं वाचून शहाणपण सुचतंय, शनिवारी एसटीच्या हॉर्नकडे कान लावून मीच बसायचो. रविवारी संध्याकाळी ती साडी बदलायला लागली की पोटात मला कळ यायची. सिनेमात ती पोरगी आईला सोडून काकूला बिलगते, तेव्हा माझ्या घशात काही आलं होतं ते खोटं होतं का? त्याच्या या बोलण्यावर माझ्याकडे उत्तर नाही. गोवर झालेला तो होता, मी नव्हे.

शिवाय मी शहाणा झालो असंही समजू नका. आमची मुलगी सहा वर्षांची असताना बायकोला बढती मिळत होती, रत्नागिरीला. मी 'नाही' म्हटलं नाही. मी म्हणालो, "तुझं तू ठरव, पण पोरगी लहान आहे." तिनं ठरवलं. त्यानंतरच्या दिवाळीत मी कॅसेट भाड्यानं आणून 'उंबरठा' दुसऱ्यांदा बघितला, एकट्यानं, ती माहेरी गेली असताना. 'तेच तेच काय बघता' हे मला सगळ्यांनी विचारलंय. आमच्या घरातली एक व्यक्ती मात्र कधी विचारत नाही.

2009 ला आई आमच्याकडे राहायला आली होती. मी डीव्हीडी आणली, दुपारी लावली, मुद्दाम. गिरीश कर्नाड दिसले तेव्हा आई म्हणाली, "किती तरुण आहेत." अर्ध्या तासात तिचा डोळा लागला. संपल्यावर मी टीव्ही बंद केला आणि धीर करून विचारलं, "आई, कराडला आपण हा बघितला होता. येताना मी काहीतरी बोललो होतो, आठवतं?"

"हो," म्हणाली. मी श्वास धरून बसलो. "पाऊस होता बघ त्या दिवशी. माझ्या चपलेचा अंगठा तुटला. अख्खी पेठ एका पायानं घासत आले. तुमची आत्या मेली थांबेना."

"आणि मी काय बोललो?"

"तू काय बोलणार? तू दाणे मागत असशील."

सत्तावीस वर्षं मी एक वाक्य उरावर घेऊन फिरत होतो, आणि तिच्याकडे त्या रात्रीची एक तुटकी चप्पल होती. सुटलो असं वाटलं. दोन-तीन दिवस खरंच हलकं वाटलं. मग मी ताईला फोन करून हे सांगितलं, जरा हसत हसतच. ताई म्हणाली, "पाऊस कुठला? मे महिना होता. मी परीक्षा संपवून घरी आले होते."

म्हणजे चप्पल तुटली नव्हती?

"मला नाही माहीत. मी पुढे निघून गेले होते ना." मग थोडं थांबून ती म्हणाली, "तुला विचारायचंच होतं तर नोकरीचं विचारायचंस. शाळा कशी होती, पोरं किती होती, खोलीत एकटी असताना काय करायचीस. सिनेमाचं काय विचारतोस? त्यातसुद्धा तू काय बोललास तेच तुला हवं."

मला राग आला. फोन ठेवला. महिनाभर बोललो नाही तिच्याशी. ताईचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, पूर्ण नाही. काही गोष्टी सरळ विचारता येत असत्या तर लोकांनी सिनेमे कशाला काढले असते? पण हेही खरं की आई त्यानंतर सात वर्षं होती, 2016 पर्यंत, आणि मी शाळेचं विचारलं नाही. दर खेपेला वाटायचं, या वेळी विचारू. तिच्या गुडघ्याचं निघायचं, पेन्शनचं निघायचं, रिक्षा यायची.

तर आता मी 'उंबरठा' लावतो तेव्हा नेमकं काय बघतो ते सांगतो. पुढे हसू नका. मी दाणे बघतो. त्या संध्याकाळी आईचा हात एका ठिकाणी यायचा थांबला होता. मी तळहात पुढे केला, तसाच धरून ठेवला, आणि त्यावर काही पडलं नाही. पडद्यावर तेव्हा काय चाललं होतं, ते मला सापडत नाही. कधी वाटतं सुलभा घर सोडून आश्रमात येते तिथं. कधी वाटतं नंतर, 'सुन्या सुन्या मैफिलीत माझ्या' चालू असताना. लताबाईंचा आवाज आणि माझा रिकामा हात हे दोन्ही मला एकत्र आठवतं. पण ते गाणं रेडिओवर इतकं ऐकलंय की त्याच्याबरोबर काहीही आठवू शकतं. इतक्या वेळा बघून मीच हे रचलं असेल, ही शक्यताही मला मान्य आहे. म्हणून परत लावतो.

गेल्या महिन्यात ताई आली होती. शेवटी तिला हे दाण्यांचं सांगितलं. तिनं चष्मा काढला, पुसला.

"दाणे मध्यंतरातच संपले होते," म्हणाली. "पिशवी माझ्याकडे होती. मी खाल्ले."