व्हीआर हेडसेट घेताना मी काय काय तपासलं

श्टुटगार्टला हिवाळ्यात साडेचारलाच अंधार पडतो. घरातल्या घरात व्यायाम व्हावा म्हणून व्हीआर हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर बांधून आभासी जग दाखवणारं यंत्र, घ्यायचं ठरवलं. कॉम्प्युटरला न जोडता चालणारा हवा होता. पण डोक्याला कॅमेरे बांधून बैठकीच्या खोलीत फिरायचं, तर ते कॅमेरे काय पाहतात आणि कुणाला सांगतात हे आधी समजून घ्यायला हवं, असं मला मनापासून वाटत होतं.

हेडसेट वापरायला कुठलं ऑनलाइन खातं लागतं, हा प्रश्न इथे जर्मनीत बराच गाजलाय. २०२० मध्ये फेसबुक कंपनीचा क्वेस्ट २ हा हेडसेट आला तेव्हा फेसबुक खात्याशिवाय तो चालतच नव्हता. बॉनच्या बुंडेसकार्टेलाम्टने, म्हणजे इथल्या स्पर्धा नियामकाने, त्यावरून चौकशी लावली आणि दोनेक वर्षं तो इथे अधिकृतपणे विकलाच गेला नाही. २०२२ मध्ये वेगळं मेटा खातं आलं (मेटा हे फेसबुक कंपनीचं नवं नाव) आणि फेसबुकची सक्ती गेली. एका सरकारी कार्यालयाने लावून धरलं म्हणून हे झालं, याचं मला फार मोल वाटतं.

मग पर्याय पाहिले. ॲपलच्या व्हिजन प्रो हेडसेटमध्ये आपण कुठे बघतोय हे त्यातल्या ॲप्सना कळत नाही. बोटांची चिमूट केली की फक्त काय निवडलं तेवढंच पोचतं. रचना उत्तम, पण २०२४ मध्ये तो इथे आला तेव्हा किंमत ३,९९९ युरोंपासून होती. तो विषय तिथेच संपला. पिको हा हेडसेट टिकटॉकवाल्या बाइटडान्सचा, म्हणजे मेटा या एका जाहिरात कंपनीऐवजी दुसरी. शेवटी मेटाचाच क्वेस्ट ३ घेतला. त्यात डोळ्यांची हालचाल टिपणारे कॅमेरेच नाहीत, आणि जे यंत्रात नाही ते बंद आहे की चालू हे तपासत बसावं लागत नाही.

खरा विचार करायला लावलं ते अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या २०२३ च्या एका अभ्यासाने. बीट सेबर हा व्हीआर खेळ खेळणाऱ्या ५५ हजारांहून अधिक लोकांच्या फक्त डोक्याच्या आणि हातांच्या हालचाली त्यांनी घेतल्या. प्रत्येकाची ५ मिनिटांची हालचाल संगणकाला शिकवल्यावर दुसऱ्या १०० सेकंदांच्या हालचालीवरून त्याने ९४ टक्क्यांहून अधिक वेळा माणूस बरोबर ओळखला. नाव नाही, चेहरा नाही, आवाज नाही. आणि ही हालचाल टिपणं बंद करून असा खेळ खेळताच येत नाही, कारण ती कळल्याशिवाय समोरचं दृश्य हलणारच नाही.

म्हणून मी जे हातात होतं ते केलं. वेगळा ईमेल काढून नवं खातं उघडलं. फेसबुक, इन्स्टाग्राम जोडलं नाही. वापराची जादा माहिती कंपनीला पाठवण्याचा पर्याय बंद केला. राउटरवर पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय असतं, हेडसेट त्यावर टाकला, म्हणजे घरातल्या बाकीच्या यंत्रांशी त्याचा संबंध नाही.

खोली स्कॅन करताना मात्र थबकायला झालं. त्रिकोणांची जाळी सोफ्यावरून सरकत कपडे वाळत घातलेल्या स्टँडवर गेली, तिथून भिंतीवरच्या देव्हाऱ्यावर चढली. आपलं घर आकारासकट मोजलं जातंय हे डोळ्यांनी दिसतं. त्यानंतर कुठलंही ॲप खोलीची माहिती मागायला लागलं की मी आधी विचारते, याला ती कशाला हवी? बॉक्सिंगच्या ॲपला माझा देव्हारा कुठे आहे हे कळायचं काही कारण नाही. परवानगी नाकारली, तरी ॲप व्यवस्थित चालतंय. मायक्रोफोनचंही तसंच.

अनोळखी लोकांसोबत एकत्र खेळायच्या खोल्यांत मी जात नाही. तिथे आपली हालचाल इतरांच्या यंत्रांपर्यंत पोचते, त्याशिवाय त्यांना आपण दिसणारच नाही. आणि खेळाची रेकॉर्डिंग कुठे चढवत नाही. बर्कलीच्या अभ्यासातला साठा खेळाडूंनी आपणहून चढवलेल्या अशाच रेकॉर्डिंगमधून उभा राहिला होता. मैत्रिणी विचारतात, तेव्हा कुठला हेडसेट घ्यायचा याच्या आधी मी त्यांना हेच सांगते.