आमचे मिस्टर आणि हे मिस्टर

गणपतीत आरतीनंतर मांडी घालून बसले आणि उठताच येईना. उजव्या जांघेत अशी चमक निघाली की मैत्रिणीनं हात धरून उभं केलं.

आईचा फोनवर निकाल तयार होता. "पुण्याला ये. संध्याकाळी ऑर्थोपेडिक, सकाळी एमआरआय, आठ दिवसांत मोकळी." ती खोटं बोलत नाही. इथे इंग्लंडात, नॉटिंगहॅमला जीपीनं, म्हणजे फॅमिली डॉक्टरनं, आधी तीन महिने फिजिओकडे धाडलं, मग खुब्याच्या सर्जनसाठी चिठ्ठी. चिठ्ठीपासून 18 आठवड्यांत उपचार सुरू व्हावेत असा एनएचएसचा, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचा, नियम आहे. मला सर्जनचं तोंड दिसलं 27व्या आठवड्यात.

हॉस्पिटल निवडायचा हक्क मात्र पेशंटला असतो. पण निवडायचं कशावरून? खुब्याचा सर्जन म्हणजे बहुतेकदा सांधा बदलणारा. दुर्बिणीतून खुबा दुरुस्त करणारे थोडे. फिजिओ म्हणाली, "वर्षाला किती करता ते विचार. आणि नोंद रजिस्ट्रीत करतात का, तेही." ब्रिटिश हिप सोसायटी या खुब्याच्या सर्जनांच्या संस्थेची अशी रजिस्ट्री, म्हणजे नोंदवही, 2012 पासून आहे, सांधा न बदलता केलेल्या शस्त्रक्रियांसाठी.

मी आईला म्हटलं, "मिस्टरांना भेटायचंय, त्यांना विचारते." आई म्हणाली, "जावईबापूंना काय कळतंय त्यातलं?" इथे सर्जनला डॉक्टर नाही, मिस्टर म्हणतात. पूर्वी न्हावी आणि सर्जन एकाच संघात होते, 1745 मध्ये वेगळे झाले, पण मिस्टर राहिलं, आणि त्याचा त्यांना चक्क अभिमान आहे!

तर हे मिस्टर. त्यांनी गुडघा छातीकडे दुमडून पाय आत वळवला, मी ओरडले. मग प्लास्टिकचा सांधा हातात घेतला. मांडीच्या हाडाचा गोळा मानेपाशी पुरेसा गोल नाही, तिथे उंचवटा आहे. मांडी घातली की तो वाटीच्या काठावर आपटतो आणि काठावरची कूर्चेची कडा फाटते. माझ्या डोक्यात कुकरची रिंग. ऑपरेशनमध्ये पूर्ण भूल देऊन पाय ओढायचा, सांधा जेमतेम सेंटिमीटरभर उघडायचा, दोन-तीन छिद्रांतून कॅमेरा आणि हत्यारं घालायची, रिंग हाडाला टाचायची, उंचवटा तासायचा. ओढ दोन तासांच्या आत सोडायची, नाहीतर नसा बधिर होतात. मग काही आठवडे कुबड्या. सांध्यातली गादी झिजली असती तर हात लावला नसता, म्हणाले.

मी घाबरतच आकडा विचारला. पुण्यात हा प्रश्न विचारायची माझी छाती झाली नसती. हे शांतपणे म्हणाले, "शंभराच्या वर." रजिस्ट्रीत? "सगळ्या."

इथवर मी भारावले होते. मग त्यांनी 2018चा एक अभ्यास सांगितला: 348 पेशंट, काहींना ऑपरेशन, काहींना नीट आखलेला व्यायाम, वर्षभरानं दोघांनाही बरं वाटलं, ऑपरेशनवाल्यांना जास्त. आणि विचारलं, "तुम्हाला काय हवंय?"

अहो, मला काय विचारताय! मी तीन वेळा म्हटलं, तुम्ही काय कराल ते सांगा. तीन वेळा तेच उत्तर: खुबा तुमचा आहे. आमचे सदाशिव पेठेतले डॉक्टर "मी सांगतो ना" म्हणायचे आणि अर्धं दुखणं तिथेच उतरायचं. एवढ्या शिकलेल्या माणसानं निर्णय माझ्या पदरात टाकून चहाला जावं? घरी येऊन मी नवऱ्यावर चिडले, त्या बिचाऱ्याचा यात काही संबंध नव्हता. आठ दिवस झोप नाही. शेवटी हो कळवलं.

पुण्यात उत्तम सर्जन आहेत, तो प्रश्नच नाही. पण नंतरचा फिजिओ महिनोन्‌महिने, लेकाची शाळा, कुबड्या घेऊन विमान. आईला मी एवढंच सांगते की इथे फुकट आहे.

पत्र आलंय: गुरुवार, सकाळी सात, उपाशीपोटी.

"मग बरंच झालं," आई म्हणाली, "गुरुवारी तुझा उपासच असतो."

चार वर्षं झाली तो सुटून. ते काही मी बोलले नाही.