तीन हेडलाइटच्या गाडीपासून चार इंजिनांच्या डब्यापर्यंत

प्राग-ओस्ट्रावा मार्गावरच्या स्टुडेन्का स्थानकात आम्ही मोठी गाडी सोडली आणि शाखामार्गावरची छोटी पकडली. वाटेत प्रिबोर लागतं, सिग्मंड फ्रॉइडचं जन्मगाव. आम्ही तिथं उतरलो नाही. आम्हाला गाठायचं होतं त्याच्या पुढचं कोपर्झिव्हनित्से, म्हणजे टाट्रा या चेक मोटार कंपनीचं गाव.

सोबत माझा मित्र होता. गाड्यांचं वेड दोघांनाही सारखंच, पण आवडी अगदी वेगळ्या. त्याला लांबलचक, राजेशाही गाड्या आवडतात; बुगाटी हे त्याचं दैवत. मला ओढ चमत्कारिक गाड्यांची. ज्या गाडीकडे बघून लोक "हे असं का केलं असेल?" म्हणतात, त्या गाडीपाशी माझा पाय अडतो. कारण या प्रश्नाला बहुतेक वेळा खरंखुरं उत्तर असतं, आणि ते सापडलं की तीच गाडी एकदम शहाणी दिसायला लागते. म्हणून प्रवासाचा बेत ठरवताना तह झाला: आधी माझी टाट्रा, मग म्युनिकमध्ये रुम्प्लर नावाच्या माणसाची गाडी, आणि शेवटी फ्रान्समधल्या म्युलूझला त्याची बुगाटी.

कोपर्झिव्हनित्से हे बेस्किडी डोंगरांच्या पायथ्याचं कारखान्याचं गाव. धावपटू एमिल झाटोपेक इथलाच. १८९७ साली इथल्या रेल्वे डब्यांच्या कारखान्यात 'प्रेसिडेंट' नावाची मोटार तयार झाली, बेन्झचं इंजिन बसवलेली. पुढच्या वर्षी ती स्वतःच्या चाकांवर व्हिएन्नापर्यंत गेली. ती गाडी घडवणाऱ्यांत दोन तरुण होते, हान्स लेडविंका आणि एडमुंड रुम्प्लर. लेडविंकाने पुढे टाट्रा घडवली. रुम्प्लर विमानांकडे वळला. ही दोन नावं इथं एकत्र आहेत हे लक्षात ठेवा, म्युनिकला त्याचा उपयोग होईल.

संग्रहालयात शिरल्यावर बाकी सगळं बाजूला ठेवून मी थेट टाट्रा ८७ गाठली. ही १९३६ पासून १९५० पर्यंत बनत होती. तिच्या आधीची टाट्रा ७७ मार्च १९३४ मध्ये प्रागला लोकांसमोर आली होती. त्या काळी बहुतेक मोटारी म्हणजे उभ्या काचेचं खोकं, पुढे भलंमोठं रेडिएटर आणि बाहेर आलेले मडगार्ड. अशा जगात ही गुळगुळीत, निमुळत्या शेपटीची, पाठीवर माशासारखा पर असलेली गाडी आली तेव्हा लोकांना काय वाटलं असेल?

आता तो "का". वेग वाढवला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. दुप्पट वेगाला चौपट विरोध. झेपेलिन हवाईजहाजांच्या कारखान्यात काम केलेल्या पाउल यारईने हे मोटारीला लावून पाहिलं, आणि त्याच्या पेटंटांचा परवाना टाट्राने घेतला. हवेला आवडतं गोल नाक आणि लांब उतरती शेपूट. पण पुढे इंजिन आणि रेडिएटर असेल तर नाक गोल कसं करणार? लेडविंकाने इंजिन उचलून मागच्या चाकांच्याही मागे टाकलं आणि पाण्याऐवजी हवेने थंड केलं. एका निर्णयात किती प्रश्न सुटले पाहा: रेडिएटर गेलं, पाणी गोठायची भीती गेली, गाडीच्या पोटातून मागे जाणारा लांब शाफ्ट गेला, त्यामुळे तळ खाली आला आणि बसायला ऐसपैस जागा झाली. ७७ चं तीन लिटरचं व्ही-८ (व्ही आकारात मांडलेल्या आठ सिलिंडरांचं) इंजिन अवघ्या ६० अश्वशक्तीचं, तरी ती मोठी गाडी ताशी १४० किलोमीटरच्या घरात जायची. ८७ ला ८५ अश्वशक्ती मिळाली आणि वेग १६० पर्यंत गेला.

मी बराच वेळ तिच्या मागच्या बाजूला उभा होतो. पुढून फोटो सगळेच काढतात, कारण तिथं तीन हेडलाइट आहेत आणि तीन भागांची समोरची काच आहे. पण खरी गंमत मागे. मागची काचच नाही! टपापासून खालपर्यंत उतरत गेलेलं इंजिनाचं झाकण, त्यावर हवेसाठी कापलेल्या पट्ट्यापट्ट्यांच्या फटी आणि मधोमध तो पर. सीटच्या मागे सामानाचा कप्पा, त्याच्या मागे इंजिन. ड्रायव्हरच्या आरशात मागचा रस्ता दिसतो तो मधल्या काचांमधून आणि या फटींमधून. खाली वाकून एका फटीला डोळा लावला तर आत अंधारात इंजिनाचा भाग जेमतेम दिसला. पट्ट्यांच्या कडा हाताने घासून सारख्या केल्यासारख्या वाटत होत्या.

या गाडीचा दोषही सांगायला हवा, नाहीतर प्रेम आंधळं होईल. वजन मागे आणि मागची चाकं स्विंग ॲक्सलवर, म्हणजे प्रत्येक चाक आपापल्या दांड्यावर वेगळं वर-खाली झुलतं आणि झुलताना कलतं. वळणावर वेगात असताना पाय ॲक्सिलरेटरवरून एकदम काढला की गाडीचा मागचा भाग उचलला जातो, चाकं आतल्या बाजूला दुमडतात, रस्त्यावरची पकड सुटते आणि शेपूट बाहेर पळते. टाट्रा चालवायची तर वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नाही.

हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण नीट समजावलं ते बाहेर भेटलेल्या एका वयस्क गृहस्थांनी. ते स्वतःची काळी टाट्रा ६०३ घेऊन आले होते. १९५६ ते १९७५ या काळातली ही गाडी तेव्हा मुख्यतः सरकारी अधिकाऱ्यांच्या दिमतीला असायची. सामान्य माणसाच्या वाट्याला ती सहसा येत नसे. आम्ही घुटमळतोय हे पाहून त्यांनी स्वतःच मागचं झाकण उघडलं.

"काका, गाडीतलं तुमचं सगळ्यात आवडतं काय?" मी विचारलं.

त्यांनी व्ही-८ कडे बोट दाखवलं नाही. मागच्या मडगार्डवरच्या हवा घेणाऱ्या फुगवट्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "इथून हवा आत येते. इंजिन सुरू करतो, इथं हात ठेव." इंजिन सुरू झालं, आतले पंखे फिरू लागले आणि तळहाताला हवेची ओढ जाणवली. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाला जी शांतता असते ती इथं नाही. खाली एक भरडा, फडफडता सूर आणि त्यावर पंख्यांचा घोष. मित्रालाही तो आवाज आवडला, आणि तो सहजी कशाला आवडलं म्हणत नाही.

तेव्हापासून मी भेटेल त्या दर्दी माणसाला तोच प्रश्न विचारत गेलो. आवडती गाडी विचारली की माणूस नाव सांगतो, पण आवडती जागा विचारली की तो खरं बोलायला लागतो.

निघण्यापूर्वी 'स्लोव्हेन्स्का स्त्रेला' पाहिली, म्हणजे १९३६ ची लाल रेल्वेगाडी. टाट्राने हवेचा हिशेब रुळांवरही नेला आणि ही गाडी प्राग-ब्रातिस्लाव्हा मार्गावर धावली. मोटारींच्या सहलीत रेल्वे कशाला, असं मित्र कुरकुरला. त्याचं उत्तर त्याला म्युलूझमध्ये मिळणार होतं.

प्रागला परतल्यावर लेत्ना टेकडीवरच्या राष्ट्रीय तांत्रिक संग्रहालयात रुपेरी टाट्रा ८७ बघितली. हान्झेल्का आणि झिकमुंड हे दोघे तरुण १९४७ मध्ये हिच्यातून निघाले आणि आफ्रिका, दक्षिण अमेरिका पालथी घालून १९५० मध्ये परतले. हवेने थंड होणारं इंजिन वाळवंटात किती कामाचं, हे वेगळं सांगायला नको. मूळ 'प्रेसिडेंट' सुद्धा याच दालनात आहे.

म्युनिकमध्ये तेरेसिएनह्योहेवरच्या जुन्या प्रदर्शन दालनांत डॉइचेस म्युझियमचा वाहतूक विभाग आहे. तिथं रुम्प्लरची ट्रॉप्फेनवागेन आहे. १९२१ च्या बर्लिन मोटार प्रदर्शनात आलेली ही गाडी वरून पाहिली तर खरोखर थेंबाच्या आकाराची. ड्रायव्हर एकटा पुढे, अगदी मधोमध. काचा वाकवलेल्या, १९२१ मध्ये! चाकांवरचे पत्रे आडवे, सपाट, विमानाच्या पंखांसारखे, कारण करणारा माणूसच विमानं बनवून आलेला. इंजिन मागच्या ॲक्सलच्या पुढे, सहा सिलिंडर, पण एका ओळीत नाहीत. दोन-दोनच्या तीन रांगा पंख्यासारख्या उघडलेल्या. आणि मागची चाकं स्विंग ॲक्सलवर, ज्याचं पेटंट रुम्प्लरने फार आधी घेतलं होतं. कोपर्झिव्हनित्सेतले ते दोन तरुण इथं पुन्हा भेटतात.

१९७९ मध्ये फोक्सवागनच्या वाऱ्याच्या बोगद्यात ही गाडी तपासली तेव्हा तिचा विरोध गुणांक, म्हणजे आकार हवेला किती अडतो याचं माप, ०.२८ आला; हा आकडा जितका लहान तितकं चांगलं. आजच्या कितीतरी नव्या गाड्यांना हा आकडा गाठता येत नाही. तरी ती चालली नाही. इंजिन तापायचं, सामानाला जागा नव्हती, आणि दिसणं लोकांच्या पचनी पडलं नाही. साधारण १०० बनल्या, आज दोनच उरल्यात. बर्लिनमध्ये काही टॅक्सी म्हणून धावल्या, कारण उंच छतामुळे चढ-उतर सोपी होती. मला यात अपयश दिसत नाही. संगणक नाही, आणि माणसाने वाऱ्याचं गणित इतकं अचूक मांडलं.

तिथल्या बाकावर एक बाई भेटल्या. त्यांना आवडती जागा विचारली, तर त्यांनी पर्समधून कागद काढला आणि फुगीर बाजूंचा त्रिकोण काढला. त्यांची लाडकी गाडी म्हणजे एनएसयू या जर्मन कंपनीची आरओ ८०, १९६७ ची. फेलिक्स वांकेलचं इंजिन: पिस्टन वर-खाली जात नाही, हा त्रिकोण गोल फिरतो. "आणि माझी जागा ही," असं म्हणत त्यांनी त्रिकोणाच्या टोकावर पेन्सिल टेकवली. तिथली बारीक पट्टी गळती थांबवते. तीच पट्टी लवकर झिजायची, इंजिनं बदलून द्यावी लागायची, आणि त्या खर्चाने कंपनी खचली. १९६९ मध्ये ती फोक्सवागनच्या छत्राखालच्या आउटो उनिऑनमध्ये विलीन झाली. "दोष आहे तिथंच माझा जीव जडलाय," त्या म्हणाल्या. शेजारचे गृहस्थ मेसरश्मिट केआर २०० चे भक्त. त्या तीनचाकी गाडीत रिव्हर्स गिअर नाही. इंजिन बंद करून उलट्या दिशेने सुरू करायचं, मग चारही गिअर मागे जायला वापरता येतात. हे त्यांनी हातवारे करून सांगितलं, तेव्हा रखवालदारही ऐकायला थांबला.

मग म्युलूझ. इथून मित्राचं राज्य सुरू. हान्स आणि फ्रिट्झ श्लुम्प्फ या लोकर गिरणीवाल्या भावांनी गुपचूप गाड्या जमवल्या. धंदा बुडाला, १९७७ मध्ये कामगारांनी गिरणी ताब्यात घेतली आणि आतला खजिना जगासमोर आला. १९८२ पासून ते रीतसर संग्रहालय आहे. पॅरिसच्या तिसऱ्या अलेक्झांडर पुलावरच्या दिव्यांसारखे शेकडो दिवे, आणि त्यांच्या खाली गाड्यांच्या रांगाच रांगा. प्रामाणिकपणे सांगतो, अर्ध्या रांगांनंतर मला थकवा आला. इतकं सौंदर्य एकत्र ठेवलं की नजर कशावरच ठरत नाही.

बुगाटी रोयालपाशी मात्र ठरली. लांबी सहा मीटरच्या वर, इंजिन जवळपास पावणेतेरा लिटरचं, रेडिएटरच्या टोपणावर उभा हत्ती. तो एतोरे बुगाटीच्या भावाने, शिल्पकार रेम्ब्रांटने घडवला होता. राजेमहाराजांसाठी आखलेली गाडी जागतिक मंदीत आली. ग्राहकांना विकल्या गेल्या अवघ्या तीन. पहिलीचे मालक आर्मां एस्देर रात्री गाडी काढत नसत, म्हणून त्यांनी हेडलाइटच नको सांगितले. त्या रूपाची प्रतिकृती इथं आहे. मित्राने मला बाजूला ओढलं. "ही माझी जागा," म्हणून त्याने रोयालपैकीच एक असलेल्या कूपे नेपोलियनचं बॉनेट दाखवलं. "आठ सिलिंडर एका ओळीत. म्हणून हे एवढं लांब. यात दिखावा नाही रे, आतलं जे आहे तेच बाहेर दिसतंय." इतकी वर्षं मी त्याच्या बुगाटीला नुसती श्रीमंती म्हणत आलो होतो. त्या दिवशी मला ती लांबी पटली.

न विकल्या गेलेल्या इंजिनांचं काय झालं? त्यासाठी त्याच शहरातल्या रेल्वे संग्रहालयात जावं लागतं. बुगाटीने ती इंजिनं रेल्वेच्या रुळांवर उतरवली. तिथं बुगाटीचा रेल्वेडबा उभा आहे, निमुळत्या नाकाचा. पोटात रोयालची चार इंजिनं असत. चालक पुढे बसत नाही; डब्याच्या मध्यावर टपातून वर निघालेल्या छोट्या खोलीत बसतो आणि दोन्ही दिशांना वरून पाहतो. पुढची-मागची टोकं सारखीच, त्यामुळे डबा वळवायची गरजच नाही.

"कोपर्झिव्हनित्सेतली लाल गाडी आठवते?" मी विचारलं. मित्र काहीच बोलला नाही, पण डब्याला पूर्ण प्रदक्षिणा घालून आला. मग जिन्यावर बसून आम्ही पुढचा बेत आखला. दुसरी ट्रॉप्फेनवागेन बर्लिनच्या तंत्रज्ञान संग्रहालयात आहे, आणि या वेळी तिचं नाव त्यानेच काढलं.