आम्ही तर शाकाहारी, मग हे कसं?

रात्री अडीचच्या सुमारास यांचं घोरणं एकदम थांबायचं. मी जागीच असायचे. एक, दोन, तीन... मनात मोजत राहायचे. एकदा चाळीसपर्यंत पोचले होते. छाती हलताना दिसायची, पण नाकाखाली बोट धरलं तर हवा लागायची नाही. मग गुदमरल्यासारखा मोठा आवाज, कूस बदलणं, आणि घोरणं पुन्हा सुरू. सकाळी यांना काहीच आठवायचं नाही. पेपर हातात घेतला की दहा मिनिटांत डोळे मिटायचे.

झोपेच्या तपासणीत आकडा आला ३८. म्हणजे झोपेत तासाला सरासरी ३८ वेळा श्वास अडत होता किंवा अगदी उथळ होत होता. ३० च्या वर गेलं की तो तीव्र स्लीप अ‍ॅप्निया. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे जाते आणि हवेची वाट बंद होते. मानेभोवती, अगदी जिभेतही चरबी साठली असेल तर ती वाट आधीच अरुंद असते. यांचं वजन ९२ किलो, शर्टाची कॉलर १७ इंची.

मी डॉक्टरांना म्हटलं, "आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही." ते म्हणाले, "आठवडाभर हे काय काय खातात, तेवढं लिहून आणा."

लिहायला बसले आणि माझाच हात थांबला. सकाळी चहा-खारी, मग पोहे. दुपारी पोळ्या, बटाट्याची भाजी, भाताचा डोंगर, वर पातळ वरण. चारला चहा आणि फरसाण. रात्री साडेनऊला पुन्हा तेच जेवण. गुरुवारी एकादशी, म्हणून साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याचे वेफर्स. सात दिवसांत पालेभाजी एकदा, उसळ एकदा, फळ म्हणाल तर प्रसादाचं अर्धं केळं. हे सगळं मीच रांधलेलं, मीच वाढलेलं. फार वाईट वाटलं मला.

नंतर २०२४ सालच्या एका अभ्यासाबद्दल वाचलं. ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स विद्यापीठातल्या संशोधकांनी अमेरिकेतल्या १४,००० हून अधिक लोकांच्या आहाराची माहिती तपासली होती. भाज्या, फळं, कडधान्यं, अख्खी धान्यं, दाणे असा वनस्पतीजन्य आहार सर्वात जास्त घेणाऱ्यांत या आजाराचा धोका १९ टक्क्यांनी कमी दिसला. पण मैदा, साखर, गोड पेयं, खारवलेले पदार्थ अशा वनस्पतीजन्यच पण निकृष्ट आहारात तो २२ टक्क्यांनी जास्त! आहारामुळेच फरक पडला, असं त्यातून सिद्ध होत नाही, हे खरं. तरी आमचं ताट कोणत्या बाजूला होतं, ते मला लख्ख दिसलं.

मग ज्वारीची भाकरी आली. मटकी, हुलगे, चवळी पाळीपाळीने भिजू लागली. मेथी, चाकवत, अंबाडी, जे बाजारात मिळेल ते. भाताची एक मूद, जेवण साडेसातला. फरसाणाचा डबा रिकामा झाला तो पुन्हा भरला नाही. पहिले पंधरा दिवस हे चारच्या चहाला डब्याच्या जागेकडे बघायचे, तेव्हा माझा जीव तुटायचा. मी मूठभर फुटाणे आणि पेरूच्या फोडी पुढे ठेवायचे.

आठ महिन्यांत वजन ८४ वर आलं, आणि तपासणीचा आकडा २७ वर. सीपॅप मशीनही पहिल्यापासून रोज लावतात; झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन ते श्वासाची वाट उघडी ठेवतं. डॉक्टरांनी बजावून सांगितलंय, आहार सुधारला म्हणून मास्क काढायचा नाही. २७ हासुद्धा मध्यम आजारच. कमी झालेलं वजन, वेळेवर जेवण, भाकरी-उसळ, यातल्या कशाने किती गुण आला ते मला वेगळं काढून सांगता येणार नाही. मला तसं वेगळं काढायचंही नाही.

परवा एकादशी होती. राजगिऱ्याची भाकरी आणि लाल भोपळ्याची भाजी केली. खिचडी वाटीभरच. यांनी वाटी पुसून खाल्ली, आणखी मागितली नाही. जेवण झाल्यावर पेपर उघडला आणि शेवटच्या पानावरचं शब्दकोडं पुरं सोडवूनच घडी घातली.