टाकीच्या तळाशी गोठलेलं क्रूड

गेली 19 वर्षं मी टँकरवर कार्गो सर्व्हे करतोय. म्हणजे जहाज लागलं की वर चढायचं, प्रत्येक टाकीत टेप सोडून तेल किती, तापमान किती, तळाला पाणी आहे का ते बघायचं, सँपल घ्यायचं आणि माल उतरून झाला की काय उरलं ते लिहून द्यायचं. एप्रिल 2023 मधलं एक जहाज मात्र अजून डोक्यातून जात नाही.

माल राजस्थानचा होता, बाडमेरच्या मंगला फील्डचा. ह्या क्रूडमध्ये, म्हणजे कच्च्या तेलात, मेण इतकं की 40 डिग्रीच्या आसपासच ते घट्ट व्हायला लागतं, म्हणून बाडमेरपासून गुजरातच्या किनाऱ्यापर्यंत सुमारे 670 किलोमीटर पाइपलाइन अख्खी गरम ठेवतात आणि जहाजातही टाकीच्या तळाला वाफेच्या कॉइल चालू ठेवाव्या लागतात.

सोबत एक नवीन मुलगा होता, राजापूर तालुक्यातला, बीएस्सी केमिस्ट्री झालेला. त्या आठवड्यात त्याच्याच तालुक्यात बारसूच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, रिफायनरीसाठी माती परीक्षण चालू होतं, विरोध करायला बायामाणसं एप्रिलच्या उन्हात सड्यावर बसलेली, आणि ह्याचं अर्धं लक्ष तिकडे. डेकवर मोबाइल चालत नाही, त्यामुळे चढतानाच बंद केलेला.

तीन नंबरच्या उजव्या टाकीत टेप सोडली तर वर 57 डिग्री आणि तळाला 44. मी चीफ ऑफिसरकडे बघितलं, तो आधी काही बोलेना, मग म्हणाला कॉइल लीक आहे, दोन दिवसांपूर्वीच वाफ बंद केली. बाकीच्या टाक्या नीट उतरल्या, पण हिचं शेवटचं हातभर तेल राहिलं आणि पंपाचं सक्शन सुटलं, तेल ओढलं जाईना. टेप वर ओढली तर टोकाला तुपासारखा काळा गोळा. मुलगा घाबरूनच गेला.

मग शेजारच्या टाकीत राखून ठेवलेलं गरम तेल तिच्यात फिरवून मेण वितळवायचं ठरलं, त्याला सात-आठ तास तरी जाणार होते. तेव्हा तो म्हणाला, "सर, एवढा त्रास, तर विहिरीजवळच रिफायनरी का नाही बांधत? आणि आमच्याकडे तेलाचा एक थेंब नाही, तर आमच्याकडेच का?"

मला वाटलं ह्याला नीट उत्तर दिलं पाहिजे, उडवून लावायचं नाही. म्हटलं, क्रूड एकच माल आहे, एका मोठ्या जहाजात घाल, एका पाइपातून काढ. पण रिफायनरीतून निघतो गॅस, नॅफ्था, पेट्रोल, विमानाचं इंधन, डिझेल, फर्नेस ऑइल, डांबर. गॅसला दाबाची टाकी, विमानाच्या इंधनाला एकदम स्वच्छ लाइन, डांबर तर गरमच न्यावं लागतं. एकाचे सात माल झाले की सात वाटा लागतात, म्हणून जिथे गिऱ्हाईक आहे तिथे आणूनच ते फोडतात. शिवाय विहीर आटते, रिफायनरी 50-60 वर्षं चालवायची असते, ती बंदरावर असली की आज इराकचं, उद्या सौदीचं क्रूड घेता येतं.

आपल्या मुंबईतल्या, चेंबूरजवळच्या माहूलचंच बघ ना. लोकांना वाटतं बॉम्बे हायमुळे तिथे रिफायनऱ्या आल्या, पण त्या 1954-55 च्या आणि बॉम्बे हायला तेल लागलं 1974 ला. 1951 मध्ये इराणने तेल राष्ट्रीय केलं आणि विहिरींच्या देशातली आबादानची प्रचंड रिफायनरी ब्रिटिश तेल कंपनीच्या हातून गेली. गिऱ्हाइकाच्या देशात रिफायनरी बांधलेली बरी हे त्यानंतर कंपन्यांना जास्तच पटलं, आणि आपल्यालाही तयार पेट्रोलपेक्षा क्रूड आणणं स्वस्त पडत होतं.

"आणि बाडमेर?" तो सोडत नव्हता. बाडमेरच्या बाजूला पचपदराला बांधतायत की, 90 लाख टनांची, पण त्यातलं 75 लाख टन क्रूड मुंद्रा बंदरातून पाइपने जायचंय, बाहेरच्या देशांतलं. फक्त 15 लाख टन तिथलं.

तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे तेलाचा प्रश्नच नाही सर. आमच्याकडे खोल समुद्र आहे, म्हणून आम्ही."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार, बरोबरच होतं ते.

पहाटे चारला पुन्हा मोजलं. बरंच वितळलं होतं, पण कोपऱ्यात थर होता. कॅप्टनला हवं होतं "पंप न होणारं" असं लिहिलेलं, माल घेणाऱ्यांच्या माणसाला बरोबर उलटं, कारण उरलेल्या तेलाची भरपाई जहाजाने द्यायची की नाही ते त्या एका शब्दावर ठरतं. मी दोघांनाही सांगितलं, मी तापमान लिहीन, कॉइल कधीपासून बंद ते लिहीन आणि टेपला जे लागलं ते लिहीन. कॅप्टनने निषेधाचं पत्र जोडूनच सही केली.

लाँचमध्ये बसल्यावर मुलाने मोबाइल चालू केला, घरचे कितीतरी मिस्ड कॉल. वडिलांशी बराच वेळ बोलला, तेलाचं, बंदराचं सगळं समजावून सांगत होता, मग फोनवर हात ठेवून मला म्हणाला, "सर, बाबा विचारतायत, तुम्ही चेंबूरला राहता ना, मग रिफायनरीच्या बाजूला राहायला कसं वाटतं?"

मी म्हटलं, सांग त्यांना, ज्या रात्री वास येतो त्या रात्री आम्ही खिडक्या लावून झोपतो, आणि माझ्या आईला दम्याचा पंप लागतो. त्याने हे जसंच्या तसं फोनवर सांगितलं.